मलप्रत्यारोपण झालं, तरी पोट ठिकाणावर नाही: पुढचे काही महिने कसे काढायचे

पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात मलप्रत्यारोपण, म्हणजे निरोगी दात्याच्या मलातले जिवाणू आतड्यात सोडण्याचा एफएमटी हा उपचार, करून कोल्हापुरात परतलेल्या पेशंटची तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. दिवसाला दहा-पंधरा वेळा पाण्यासारखे जुलाब होत होते, ते थांबले. ताप गेला, अंगात जीव आला. पण पोट काही पूर्वीसारखं होत नाही. सकाळी दोन-तीनदा जावं लागतं, जेवलं की गॅस धरतो, पोट डब्ब होतं, मधूनच मुरडा येतो. आणि संडासातून बाहेर येताना दर वेळी तोच धसका: दुखणं उलटलं की काय?

या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने देऊ नये, कारण दोन शक्यतांचे उपचार एकमेकांच्या उलटे आहेत. ज्याच्यासाठी प्रत्यारोपण केलं तो सी. डिफ हा जंतू परत आला असेल तर जुलाब थांबवायची गोळी घातक ठरू शकते. जंतू गेलेला असून आतडं नुसतं हळवं झालं असेल तर अँटिबायोटिक घातक, कारण प्रत्यारोपणातून नुकतेच रुजलेले चांगले जिवाणू तेच आधी मारतं. म्हणून घाबरून औषध घ्यायचं नाही आणि ‘होईल आपोआप’ म्हणून अंगावरही काढायचं नाही. क्रमाने जायचं. तो क्रम पुढे दिला आहे.

आतड्यात नेमकं काय झालेलं असतं

अँटिबायोटिकने मोठ्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती विरळ झाली की क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसाइल, थोडक्यात सी. डिफ, हा जंतू माजतो. त्याची ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन विषं आतड्याचं अस्तर सोलून काढतात. निरोगी दात्याच्या मलातून आलेले जिवाणू ही वस्ती पुन्हा बसवतात. शिवाय ते पित्ताम्लांचं रूप असं बदलतात की सी. डिफच्या बीजाणूंना उगवायला अवघड जातं. नेदरलँड्समध्ये झालेली आणि 2013 साली प्रसिद्ध झालेली चाचणी या उपचाराचा पाया मानली जाते. वारंवार उलटणाऱ्या संसर्गात पहिल्याच प्रत्यारोपणानंतर 16 पैकी 13 पेशंट बरे झाले होते. नुसत्या व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकवर हे प्रमाण 31 टक्के होतं.

म्हणजे जंतू हटवण्यात हा उपचार जबरदस्त आहे. पण सोललेलं अस्तर, चिडलेल्या नसा, दूध पचवणारं विकर, पित्ताचं शोषण या गोष्टी जंतू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जागेवर येत नाहीत. सी. डिफच्या संसर्गानंतर साधारण चारातल्या एकाला काही महिने आतड्याचा हळवेपणा, म्हणजे आयबीएससारखी लक्षणं, राहतात. आधीचा आजार जितका लांबलेला, तितकी ही शक्यता जास्त. प्रत्यारोपण फसलं असा याचा अर्थ नव्हे.

कुठल्या आठवड्यात काय अपेक्षित

पहिले दोन-तीन दिवस पोट गुरगुरणं, गॅस, एक-दोन पातळ संडास, थोडी मळमळ, क्वचित अंगात कणकण हे चालतं. कोलोनोस्कोपीतून प्रत्यारोपण झालं असेल तर आधी पोट पूर्ण साफ केलेलं असतं आणि तपासणीत हवाही भरलेली असते, त्यामुळे दोन दिवस संडासच झाली नाही तरी बिघडत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत संडासची वेळ आणि घट्टपणा रोज बदलतो. काहींना उलट बद्धकोष्ठ होतं. पोट सावरायला लागल्याचं ते अनेकदा लक्षण असतं, तरी लोक जुलाबाइतकेच त्यालाही घाबरतात.

पहिले आठ आठवडे सर्वांत सांभाळायचे. सी. डिफ उलटायचा असेल तर बहुतेक वेळा याच काळात उलटतो. आठ आठवडे नीट गेले तर जंतूची बाजू बरीचशी मिटली समजा. त्यानंतर उरलेल्या तक्रारींचं कारण सहसा वेगळं निघतं. मात्र मध्ये अँटिबायोटिक घेतलं गेलं असेल तर हे आठ आठवडे नव्याने मोजायचे.

पायरी पहिली: वही

आठवणीवर विसंबू नका. साधी शंभर पानी वही घ्या आणि रोजच्या पानावर एवढंच लिहा: संडास किती वेळा, प्रत्येक वेळेचा प्रकार, रात्री झोपेतून उठावं लागलं का, रक्त किंवा आंव दिसली का, ताप किती, काय खाल्लं, कुठलं औषध घेतलं. आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी त्याच काट्यावर वजन.

प्रकार लिहायला ब्रिस्टल तक्ता वापरा, सगळ्या डॉक्टरांना तो माहीत असतो. 1 म्हणजे लेंड्यांसारखे कडक खडे, 3 आणि 4 म्हणजे नीट बांधलेली संडास, 5 म्हणजे मऊ सुटे गोळे, 6 म्हणजे लगद्यासारखी, 7 म्हणजे निव्वळ पाणी. ‘पातळ’ हा शब्द फसवा आहे. पेशंट 5 नंबरलाही पातळ म्हणतो आणि 7 नंबरलाही, आणि डॉक्टरांचा निर्णय नेमका या दोन आकड्यांवर फिरतो.

वही आठवडाभर भरली की चित्र दिसायला लागतं. जंतू उलटलाय असा संशय घ्यायची खूण अशी: 24 तासांत तीन किंवा जास्त वेळा 6-7 प्रकारची संडास, रात्रीही उठावं लागणं, आणि काही खाल्लं नाही तरी जुलाब चालूच राहणं. आधीच्या आजारातला तो उग्र वास परत आला असं पेशंट सांगतात. ते नोंदवा, पण पुरावा म्हणून धरू नका. याउलट आतडं नुसतं हळवं असेल तर त्रास बहुधा जेवणानंतर आणि सकाळी एकवटतो, रात्र शांत जाते, संडास झाल्यावर मुरडा उतरतो, वजन टिकतं, आणि चार वाईट दिवसांनंतर दोन-तीन चांगले दिवस येतात.

त्याच दिवशी दवाखाना गाठायचा तो कधी

101 अंशांच्या वर ताप, संडासात रक्त, पोट फुगून कडक होणं आणि दाबल्यावर असह्य दुखणं, सहा-आठ तास लघवी न होणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, बोलण्यात असंबद्धपणा. यातलं एकही दिसलं तर वही भरत बसू नका. रात्री-अपरात्री असेल तर कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं चोवीस तास चालणारं रुग्णालय गाठा. जुलाब अचानक थांबून पोट फुगत चाललं असेल तर तो आराम समजू नका, आतडं लुळं पडल्याची ती खूण असू शकते. वय 65 च्या पुढे असेल, किडनीचा आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर याहून कमी लक्षणांवरही जायला हवं.

दारातच सांगायचं वाक्य पाठ करून ठेवा: ‘डॉक्टर, मला सी. डिफचा संसर्ग झाला होता, अमुक तारखेला मलप्रत्यारोपण झालंय, विचारल्याशिवाय अँटिबायोटिक चालू करू नका.’ सलाईन लावून जुलाबासाठी सरसकट अँटिबायोटिकचं इंजेक्शन देण्याची पद्धत अजून गेलेली नाही, आणि तुमच्या बाबतीत ती महागात पडते.

पायरी दुसरी: तपासणी, पण योग्य आणि योग्य रीतीने

बांधलेल्या संडासची सी. डिफसाठी तपासणी करूच नये. ‘बरं झालं का ते बघू’ म्हणून केलेली तपासणी गोंधळच वाढवते. पीसीआर ही तपासणी जंतूचं जनुक शोधते, तो विष बनवतोय की नुसता निपचित पडलाय हे तिला कळत नाही. ठणठणीत बऱ्या झालेल्या माणसातही ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. त्या एका कागदावर घाबरून पुन्हा अँटिबायोटिक सुरू होतं आणि केलेल्या प्रत्यारोपणावर पाणी पडतं.

म्हणून चिठ्ठीवर ‘जीडीएच आणि टॉक्सिन ए-बी’ असं लिहून घ्या. जीडीएचवरून जंतू आहे का ते कळतं, टॉक्सिनवरून तो विष बनवतोय का ते. दोन्ही निगेटिव्ह असतील तर सी. डिफ जवळजवळ बाजूला झाला. दोन्ही पॉझिटिव्ह आणि जुलाबही खरे, तर तो उलटला. एक हो, एक नाही असं आलं तरच पीसीआरची मदत घ्यायची, आणि तिचा अर्थ वही समोर ठेवून लावायचा.

सॅम्पल देण्यात बरेच रिपोर्ट चुकतात. संडास इतकी पातळ हवी की डबीत ओतल्यावर डबीचा आकार घेईल. कमोडमधलं पाणी, लघवी, फिनाईल त्यात जाता कामा नये. कोरडं स्वच्छ भांडं किंवा ताणून बसवलेली प्लास्टिकची पिशवी वापरा. घट्ट झाकणाच्या डबीत दोन-तीन चमचे पुरेत. डबीवर नाव, तारीख आणि वेळ लिहा. हे विष साध्या तापमानाला लवकर नासतं, दोन तासांतसुद्धा ते सापडेनासं होऊ शकतं. लॅबमध्ये लगेच पोचवता येत नसेल तर डबी दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळी ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवू नका. कोल्हापुरातल्या लॅबला थेट विचारा: तपासणी इथेच होते की सॅम्पल बाहेरगावी जातं? बाहेर जात असेल तर बर्फाच्या पेटीतून जातं ना, आणि आज निघतं की उद्या? शनिवारी दुपारी दिलेलं सॅम्पल सोमवारपर्यंत टेबलावर राहिलं तर त्या निगेटिव्ह रिपोर्टला काडीची किंमत नाही.

त्याच दिवशी संडासची साधी सूक्ष्मदर्शकाखालची तपासणीही करून घ्या. आपल्याकडे जियार्डिया आणि अमिबा अजून आहेत. पावसाळ्यात, विशेषतः पंचगंगेला पूर येऊन गेल्यावर, पाण्यातून होणारे साधे जुलाब घरोघर असतात. प्रत्यारोपण झालेल्या माणसालाही ते होऊ शकतात, सी. डिफशी त्यांचा काही संबंध नसतो.

टॉक्सिन पॉझिटिव्ह आलं तर

प्रत्यारोपण केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. सहसा तोंडाने व्हॅन्कोमायसिन 125 मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, दहा दिवस, किंवा फिडॅक्सोमायसिन देतात आणि मग दुसऱ्या प्रत्यारोपणाचा विचार होतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: शिरेतून दिलेलं व्हॅन्कोमायसिन आतड्याच्या पोकळीत पोचत नाही. कॅप्सूल मिळत नसेल तर इंजेक्शनची पावडर पाण्यात विरघळवून प्यायला देतात. चव कडवट असते, पण काम करते.

टॉक्सिन निगेटिव्ह आलं तर: आधी औषधांची पिशवी उपडी करा

आहाराकडे वळण्याआधी घरातली सगळी औषधं टेबलावर मांडा. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध पातळ संडास होण्याचं फार सामान्य कारण आहे. वर्षानुवर्षं सोसत असलेल्या माणसालाही आजारानंतर ते सोसेनासं होतं. डॉक्टरांना विचारून डोस कमी करता येतो किंवा हळूहळू विरघळणारी गोळी घेता येते. मॅग्नेशियम असलेलं अँटासिडचं गुलाबी-पांढरं सिरप जुलाब करतं. पोट साफ करणाऱ्या चूर्णात बहुधा सोनामुखी असते, आणि चूर्ण म्हणजे औषध नव्हे या समजुतीने पेशंट ते डॉक्टरांना सांगतच नाहीत.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्या चालू असणाऱ्यांत सी. डिफ उलटण्याचं प्रमाण जास्त आढळतं. कधीतरी आठ दिवसांसाठी दिलेली गोळी दोन वर्षं चालू राहिली असेल तर ती खरंच हवी आहे का, हे विचाराच. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा अल्सर होऊन गेला असेल तर मात्र परस्पर बंद करू नका.

पायरी तिसरी: दूध

लांबलेल्या जुलाबानंतर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवणारं विकर काही आठवडे ते काही महिने कमी पडतं. म्हशीच्या 200 मिली दुधात साधारण 10 ग्रॅम लॅक्टोज असतं. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात आंबतं, गॅस धरतो, पाणी सुटतं.

दहा दिवस दूध, चहातलं दूध, बासुंदी, खवा, आइस्क्रीम सगळं बंद. चहा कोरा. फरक पडला तर अकराव्या दिवशी 50 मिली दूध जेवणाबरोबर, दोन दिवसांनी 100 मिली, आणखी दोन दिवसांनी 200. जिथे त्रास सुरू होईल त्याच्या आधीची पायरी ही तुमची सध्याची मर्यादा. महिन्याने परत वाढवून बघा, बहुतेकांना दूध परत पचायला लागतं. दही-ताक सहसा आधी चालतं, वाटीभर दह्यात दुधापेक्षा लॅक्टोज कमी असतं. पनीरही चालतं. दहा दिवसांत काहीच फरक पडला नाही तर दूध निर्दोष आहे, उगाच वर्षभर सोडू नका.

दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मात्र या काळात पूर्ण वर्ज्य. तालमीतल्या माणसाला हे पटवणं कठीण असतं, पण न तापवलेल्या दुधातून नवा जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि त्यासाठी घ्यावं लागणारं अँटिबायोटिक तुम्हाला परवडणारं नाही.

पायरी चौथी: कांदा, लसूण, गहू, डाळी

कोल्हापूरच्या जेवणात खरी अडचण इथे येते. लोक तिखट सोडतात आणि पांढऱ्या रश्शाला निरुपद्रवी समजून दोन वाट्या पितात. मग रात्रभर पोट फुगतं. पांढरा रस्सा तिखट नसतो, पण त्यात काजूचं वाटण असतं, कांदा-लसणाचा अर्क असतो, नारळाचं दाट दूध आणि मटणाची चरबी असते. काजू, कांदा आणि लसणातल्या साखळी-शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. त्या तशाच पुढे जाऊन जिवाणूंकडून आंबवल्या जातात. निरोगी आतड्याला याचं काही वाटत नाही, हळव्या आतड्याला तो ताण दुखणं होऊन जाणवतो. मिसळीत तर मटकी, फरसाणातलं बेसन, कच्चा कांदा, पाव आणि तेलाचा कट असे पाच त्रासदायक पदार्थ एकाच ताटलीत येतात.

कांदा-लसणातली ही शर्करा पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही, आणि स्वयंपाकात याचा फार उपयोग होतो. रश्शात शिजलेला कांदा काढून टाकला तरी शर्करा रश्शात राहते, त्यामुळे ‘फोडी काढून खातो’ याला अर्थ नाही. पण लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या आणि त्या तेलाची फोडणी दिली तर चव मिळते, त्रास होत नाही. फोडणी झाल्यावरच पाणी घालायचं. घरची कांदा-लसूण चटणी या काळात बंद. त्याऐवजी नुसती लाल मिरची पूड, धने, जिरे, आलं, कोथिंबीर. मिरचीही निम्म्यावर आणा, तिच्यातला झणझणीतपणा नसांना थेट चेतवतो.

चार आठवडे ताटात हे असू द्या: भात, ज्वारी किंवा नाचणीची भाकरी, अर्धी वाटी मूगडाळीचं पातळ वरण, दुधी, दोडका, गाजर, फरसबी, बटाटा, पालक, अंडं, मासे, कमी तेलातलं चिकन, मूठभर शेंगदाणे, बेताचं पिकलेलं केळं, पपई, संत्रं. टाळायचं ते: चपाती-पाव, हरभराडाळ आणि बेसन, राजमा, छोले, फ्लॉवर, काजू, आंबा, कलिंगड, सफरचंद, ‘शुगर-फ्री’ गोळ्या. डाळ रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दिलं तर गॅस करणारा भाग कमी होतो. गूळ चहाच्या चमच्याने एक-दोन चमचे चालतो. रस्त्यावरचा उसाचा रस साखरेपेक्षा बर्फामुळे टाळायचा.

चार आठवड्यांच्या पुढे हा आहार ओढू नका. ज्या पदार्थांवर चांगले जिवाणू जगतात तेच यात वगळलेले असतात, आणि प्रत्यारोपणानंतर त्यांना उपाशी ठेवणं चुकीचं आहे. पाचव्या आठवड्यापासून तीन-तीन दिवसांना एक पदार्थ परत आणा: पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. आधी चपाती, मग मटकी, मग कांदा, सर्वांत शेवटी लसूण. दोन पदार्थ एकदम आणले तर कुठला बाधला ते कळत नाही आणि महिना फुकट जातो. वजन आधीच खूप उतरलेलं असेल तर हा प्रयोग आहारतज्ज्ञाशिवाय करू नका.

इसबगोल, लोपरामाइड आणि इतर औषधं

पातळ आणि कडक अशा दोन्ही बाजूंना उपयोगी पडणारी एकच साधी गोष्ट म्हणजे इसबगोलचा भुसा. एक सपाट चहाचा चमचा, 200 मिलीहून जास्त पाण्यात, ढवळून लगेच प्यायचा. ग्लासात पाच मिनिटं राहिला तर त्याची खळ होते आणि घशाखाली उतरत नाही. चार-पाच दिवसांनी दोन चमचे. पहिल्याच दिवशी तीन चमचे घेणाऱ्यांचं पोट फुगतं आणि चांगलं औषध बदनाम होतं. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

लोपरामाइड ही जुलाब थांबवायची गोळी फक्त टॉक्सिन निगेटिव्ह आल्यावर, ताप आणि रक्त नसताना. आधी 2 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, पुढे प्रत्येक पातळ संडासनंतर एक, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना दिवसात चारच्या वर नाही.

तेलकट खाल्ल्यावर पिवळसर, जळजळणारी, घाईची संडास होत असेल, किंवा पित्ताशय काढलेलं असेल, तर पित्ताम्लांचे जुलाब मनात धरायला हवेत. त्यासाठी कोलेस्टिरामाइन ही पावडर देतात. ती दुसरी औषधंही धरून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर. मुरड्यासाठी मेबेव्हेरिन, आणि दुखणं रेंगाळलंच तर रात्री अमिट्रिप्टिलिनचा अगदी छोटा डोस यांचा उपयोग होतो. हे दुसरं औषध नैराश्यासाठीही वापरतात म्हणून बरेच जण चिठ्ठी खिशातच ठेवतात. इथे ते आतड्याच्या नसा शांत करायला दिलेलं असतं.

जुलाब होत असताना पाण्याची भरपाई ओआरएसने करा, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात घालणं धोक्याचं आहे. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तयार द्रावण 24 तासांनी टाकून द्या.

प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूलवर पैसे घालवावेत असं आम्हाला वाटत नाही. प्रत्यारोपणात शेकडो जातींचे जिवाणू आत गेलेले असतात, त्यात दोन-चार जातींची भर घालून फायदा होतो याचा भक्कम पुरावा नाही.

वयस्कर माणसात आणखी एक फसगत होते. चार दिवस संडास नाही, मग अचानक पाणी गळतं, घरचे जुलाब समजून लोपरामाइड देतात. प्रत्यक्षात खाली कडक खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपत असतं. अशा वेळी बोटाने तपासणी करून घ्यावीच लागते.

मेडिकलमधली ती एक गोळी

सगळ्या लेखातला सर्वांत महत्त्वाचा धोका हाच आहे. पोट बिघडलं की मेडिकलमध्ये जायचं आणि नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल किंवा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या चार गोळ्या घेऊन यायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. यातली पहिली नावं, नॉरफ्लॉक्सासिन आणि ऑफ्लॉक्सासिन, सी. डिफला वाट करून देणाऱ्या गटातलीच आहेत. क्लिंडामायसिन, सेफिक्सिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हीसुद्धा. एका कार्डावर ही नावं, प्रत्यारोपणाची तारीख आणि आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांचा नंबर लिहून पाकिटात ठेवा. दाताच्या डॉक्टरांना, डोळ्यांच्या ऑपरेशनआधी, सर्दी-खोकल्याच्या दवाखान्यात, सगळीकडे दाखवा. खरोखर गंभीर संसर्ग असेल तर अँटिबायोटिक घ्यावंच लागतं, ते टाळू नका. पण शक्य तितकं कमी जोखमीचं आणि कमी दिवसांचं निवडता येतं. ज्येष्ठांच्या लघवीच्या कल्चरमध्ये जंतू दिसले, पण जळजळ, ताप काहीच नाही, अशा वेळी बहुतेकदा अँटिबायोटिकची गरजच नसते.

घरातली स्वच्छता

सी. डिफचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणी, नखांसकट, हाच उपाय. जुलाब चालू असताना आणि थांबल्यावर 48 तास शक्य असल्यास संडास वेगळा वापरा. कमोड, फ्लशचं बटण, नळ, मग, दाराची कडी यांना ब्लीच लावा: 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर एक भागाला नऊ भाग पाणी, आधी साबणाने घासून मग हे द्रावण दहा मिनिटं ओलं राहू द्या. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये हे चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला.

तीन महिन्यांनीही सुटत नसेल तर

टॉक्सिन निगेटिव्ह, औषधं तपासली, दूध आणि आहाराचे प्रयोग झाले, तरी त्रास तसाच, किंवा कधीही वजन उतरत असेल, तर पोटविकारतज्ज्ञांकडे परत जायचं. आधी स्वस्त तपासण्या: हिमोग्लोबिन, सीआरपी (शरीरातली सूज), टीएसएच (थायरॉइड), सिलिअ‍ॅक या गहू न सोसण्याच्या आजारासाठी टीटीजी-आयजीए. ही शेवटची तपासणी गहू खात असतानाच करायची, आहार बदलल्यावर ती खोटी निगेटिव्ह येते. मग आतड्याची सूज दाखवणारं संडासमधलं कॅलप्रोटेक्टिन: 50 च्या खाली असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता फार कमी. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी ते वाढतं, म्हणून त्या चालू असतील तर आधी सांगा. जास्त आलं, रक्त दिसलं किंवा रात्रीचे जुलाब थांबेनात तर कोलोनोस्कोपी, आणि तीत आतडं वरून नॉर्मल दिसलं तरी बायोप्सी घ्यायला सांगा. मायक्रोस्कोपिक कोलायटिस ही मोठ्या आतड्याची सूज नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आपल्या भागात आतड्याचा टीबीही विसरून चालत नाही.

पुन्हा प्रत्यारोपण करायचं का, हा प्रश्न इथे हमखास येतो. जंतू उलटल्याचं सिद्ध झालं असेल तर हो, दुसऱ्या वेळीही चांगला उपयोग होतो. नुसत्या आयबीएससाठी मात्र त्याचे निकाल उलटसुलट आहेत, त्यासाठी आम्ही सुचवणार नाही. आणि घरच्या घरी, नातेवाइकाच्या मलाने, एनिमाच्या पिशवीतून करायचे प्रयोग कधीच नाहीत. 2019 साली अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला तो यासाठीच: औषधांना दाद न देणारा ई. कोलाय जंतू दात्याच्या मलातून दोन पेशंटमध्ये गेला आणि त्यातला एक दगावला. तो मल तर रीतसर साठवलेला होता, फक्त त्या एका जंतूसाठी तपासलेला नव्हता.

पुण्याला जायचं ठरलं की फाइलमध्ये वरून खाली हा क्रम लावा: प्रत्यारोपणाचा डिस्चार्ज कागद, सी. डिफचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार आणि प्रत्येकावर तपासणीचा प्रकार, गेल्या वर्षभरात घेतलेल्या अँटिबायोटिकची नावं आणि तारखा, चालू औषधांची यादी, आणि वहीतल्या शेवटच्या चार आठवड्यांची पानं. प्रवासात अडचण नको म्हणून आदल्या रात्री हलकं जेवण, सकाळी भात किंवा भाकरी, सोबत ओआरएस आणि कपड्यांचा एक जोड. रेल्वेचं तिकीट काढताना संडासजवळची सीट मागून घ्या, आणि गाडीने जात असाल तर वाटेतल्या ढाब्यावरची मिसळ परतीच्या प्रवासातही नको.